समोरचा दात

नवी पेठ, जळगाव
१४ फेब्रुवारी १९९६

ति. वनाभाऊस,
कुंदाचा सा. न.

आज सकाळी दवाखाना उघडून पेपर हातात घेतला, तर दुसऱ्या पानावर तुझ्या साहेबांचा फोटो. डॉ. लीलाधर नेवे, धुळे. गळ्यात हार, हातात ढाल. पुण्याच्या परिषदेत त्यांचा सन्मान झाला म्हणे. कशाबद्दल, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन जुन्याच गोळ्या एकत्र करून दाताच्या मुळातला हट्टी जंतुसंसर्ग बरा करण्याची पद्धत शोधली म्हणून. ही कल्पना त्यांना पूजेला बसले असताना सुचली, असंही छापलंय.

वनाभाऊ, ती कल्पना सुचली तेव्हा मी त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते आणि समोर तू उपटलेले दात उकळत होतास. रूट कॅनल करूनही पुन्हा पुन्हा पू होणाऱ्या दाढा येत होत्या. मी तुला म्हटलं, "भाऊ, आमांशाच्या गोळीनं पोटातले जंतू मरतात, मग दातातले का मरू नयेत?" तू हसून म्हणालास, "करी पाहाय ना." आठवतं? त्यानंतर दोन वर्षं आपण त्या खोलीत काय केलं, ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. एकतीस दाढा. उपटायलाच आलेल्या, नावं-गावं-तारखांसकट लिहिलेल्या. त्यातल्या सत्तावीस वाचल्या.

मग जुलै ९३ मध्ये माझ्या खणातून वही गेली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पेशंटसमोर मला उभं केलं. "कुंदाबाई, गोळ्या कुटून दातात भरणं हे स्वयंपाकघरातलं काम. ते घरी जाऊन करा." बाहेर सांगितलं की बाई परवानगीशिवाय पेशंटवर प्रयोग करते. धुळ्यात मला कोणी उभं केलं नाही. इथे एका खुर्चीचा दवाखाना टाकून बसले, जामनेर-मुक्ताईनगरच्या म्हाताऱ्यांचे दात उपटत.

मी रडले नाही आणि आता रडणारही नाही. त्या माणसाचं तोंड मी चारचौघांत काळं करणार. तू अजून तिथेच आहेस, म्हणून तुला लिहिते. तो ते औषध कोणाच्या कोणत्या दातात भरतो, एवढंच मला कळवत जा. बाकी माझं मी बघते.

वहिनींना नमस्कार. लताला आशीर्वाद.
कुंदा


गल्ली नं. ५, धुळे
२ मार्च १९९६

चि. कुंदास,
वनाभाऊचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. घरात ठेवायची भीती वाटली.

तू विचारलंस म्हणून लिहितो. पुण्याहून आल्यापासून साहेबांचे पाय जमिनीवर नाहीत. औषधाला 'नेवे पेस्ट' नाव दिलंय. मी गोळ्या खलतो, चाळतो, डबीत भरतो. आधी फक्त दाढांत भरायचे. आता समोरच्या दातांतही भरतात. माणसं शिरपूर, साक्री, अमळनेरहून येतात आणि बरीही होतात, खोटं कशाला बोलू. हिरडीवरचा फोड आठ-पंधरा दिवसांत बसतो. पोरीबाळी हसत घरी जातात.

कुंदा, झालं ते वाईट झालं. पण इलाज चालतो, लोकांचं भलं होतं, हे तुझंच पुण्य नाही का? नाव कोणाचं का असेना. तुझा दवाखाना आता कुठे जम धरतोय. वहीचं म्हणशील तर तिथे दहा माणसं वावरत होती. कोणी नेली, कशी नेली, आता काढून काय उपयोग?

लता शिरपूरला कॉलेजच्या वसतिगृहात आहे. वक्तृत्वाच्या स्पर्धांत भाग घेते. बोलायला उभी राहिली की मला ओळखू येत नाही, ही माझीच पोर का, असं होतं.

वनाभाऊ


जळगाव
२० मार्च १९९६

ति. वनाभाऊस,
सा. न.

तुझं पत्र वाचून किती दिवसांनी मला जेवण गोड लागलं. समोरच्या दातांत भरतो म्हणतोस? भरू दे. जितके भरायचे तितके भरू दे.

"नाव कोणाचं का असेना" हे मात्र पुन्हा लिहू नकोस.

त्यानं वही चोरली, पण विचार चोरता येत नाही. ती पद्धत का चालते, हे तरी त्याला कळलंय का? बशीत वाढवलेले जंतू एका गोळीनं एका दिवसात मरतात. दाताच्या नळीत ते मोकळे नसतात. भिंतीला चिकटून, एकावर एक बसून, अंगाभोवती बुळबुळीत थर करून राहतात. पाण्याच्या रांजणाला आतून हिरवट थर धरतो ना, तसंच. एक गोळी वरच्यांना मारते आणि खालचे सुखात राहतात. म्हणून आमांशाची, टायफॉइडची आणि तोंडावरच्या मुरमांची अशा तीन गोळ्या एकत्र लागल्या, आणि नळीत आठवडे ठेवाव्या लागल्या. तू आणून दिलेल्या उपटलेल्या दातांत मी तो थर मुद्दाम वाढवला आणि पुन्हा पुन्हा हरले, तेव्हा कुठे हे कळलं. त्याला फक्त उत्तर मिळालं, तेही अर्धं.

कारण एक गोष्ट त्या वहीत नाही. मला ती नंतर कळली, इथे आल्यावर. ती मी दुसऱ्या वहीत लिहिली आणि ती वही माझ्या ट्रंकेत आहे. काय ते आत्ता सांगत नाही. तू साधा आहेस, साहेबांनी डोळे वटारले की तुझ्या तोंडून निघून जाईल.

मला नावं हवीत. मोठ्या माणसांची, ज्यांचे फोटो छापून येतात त्यांची. कोणाच्या समोरच्या दातात कधी भरलं, तारखेसकट. पेरणी तोच करतोय, भाऊ. मला नुसतं बसून राहायचंय.

कुंदा


धुळे
१८ जून १९९६

चि. कुंदास,
आशीर्वाद.

उशीर झाला. तुला पाहिजे ती नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातली आहेत. एक बँकेचे चेअरमन आहेत, एक शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षीण बाई आणि एका पुढाऱ्याचे जावई. सगळ्यांचे वरचे समोरचे दात. चिठ्ठी वाचून जाळ.

दुसरी बातमी म्हणजे जानेवारीत खानदेशातल्या दातांच्या डॉक्टरांची परिषद जळगावला भरतेय आणि साहेब तिचे अध्यक्ष आहेत.

आता घरचं. लता मे महिन्यात वसतिगृहाच्या जिन्यावरून पडली. वरचा समोरचा दात दुखावला. पोरीनं महिनाभर कोणाला सांगितलं नाही. हिरडीवर फोड आला तेव्हा घरी आली. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "वना, तुझी पोर म्हणजे माझी पोर." स्वतः खुर्चीजवळ उभे राहून त्यांनी इलाज केला. नऊ तारखेला औषध भरलं. आज नववा दिवस, फोड बसलाय. तीन महिने औषध आत ठेवायचं, मग पक्कं भरायचं म्हणाले.

तू त्यांना शिव्या देतेस म्हणून सांगतो, माणूस अगदीच वाईट नाही.

वनाभाऊ


जळगाव
२२ जून १९९६

ति. वनाभाऊस,
सा. न.

पत्र आत्ताच मिळालं. लताला लगेच इकडे पाठव. या आठवड्यातच. सोबत कोणी नसेल तर एस.टी.त बसवून दे, मी स्टँडवर उभी राहते. तिचा दात मला एकदा बघायचाय. आतलं औषध काढून मी वेगळ्या पद्धतीनं भरून देईन.

का, ते विचारू नकोस. आणि साहेबांना यातलं एक अक्षरही बोलू नकोस.

कुंदा


धुळे
११ ऑगस्ट १९९६

चि. कुंदास,
आशीर्वाद.

तुझं जूनचं पत्र मिळालं होतं. मुद्दामच उत्तर दिलं नाही, राग आला होता. आता शांत झालोय म्हणून लिहितो.

पोरीचा दात बरा होतोय, ठणका गेला, फोड गेला, आणि तू म्हणतेस औषध काढते. का, तर साहेबांनी भरलं म्हणून. त्यांचा हात लागलेलं तुला काहीच नको. लताची आई म्हणाली, "तुम्हनी बहीणना राग मन्ही पोरना दातवर कसाले?"

बरं, ते औषध तुझंच ना? मग तुझ्याच औषधाची तुला भीती का वाटावी?

लतानं गेल्या आठवड्यात अमळनेरला पहिला नंबर काढला. दोनशे माणसांसमोर दहा मिनिटं कागद न बघता बोलली.

तू साहेबांशी काय भांडायचं ते भांड. पोरीला मध्ये आणू नकोस.

वनाभाऊ


धुळे
१७ नोव्हेंबर १९९६

कुंदास,

लता दिवाळीला घरी आली. अंगणात उन्हात उभी होती, माझ्याशी बोलत होती, आणि मला तिचा दात दिसला. राखाडी झालाय. निळसर राखाडी, विझलेल्या कोळशासारखा. बाकीचे दात पांढरेशुभ्र आणि मधोमध तो एक. म्हणाली, सप्टेंबरपासून असाच होत चाललाय, बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

मी तिला घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "चहा जास्त पिते का?" माझी पोर चहाला शिवत नाही. त्याच दिवशी अध्यक्षीण बाई आल्या होत्या, पदर तोंडावर धरून. त्यांनाही चहाच सांगितला. बँकेच्या चेअरमनना तंबाखू सांगितली. कंपाउंडर म्हणतो, महिन्याभरात अशी चौदा माणसं परत आली.

लता सप्टेंबरनंतर एकाही स्पर्धेला गेली नाही. नाव मागे घेतलं. कारण विचारलं तर म्हणते, अभ्यास आहे.

मी काल बसून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. "एक गोष्ट त्या वहीत नाही." "पेरणी तोच करतोय."

तुला हेच ठाऊक होतं का? हो की नाही, एवढंच लिही.

वना


जळगाव
२१ नोव्हेंबर १९९६

ति. वनाभाऊस,

हो.

एवढंच लिही म्हणालास, पण तेवढ्यावर थांबता येत नाही.

ऑक्टोबर ९३. इथे आल्यावर मी बारा उपटलेले दात घेतले, सगळ्यांत तेच औषध भरलं. सहा खिडकीत ठेवले, सहा कपाटात. महिन्याभरात खिडकीतले राखाडी झाले, कपाटातले जवळजवळ तसेच राहिले. तीन गोळ्यांतली मुरमांची गोळी उजेडात दाताला रंग देते. दाढ तोंडात मागे, अंधारात असते. तिला झाला तरी कोण बघतं? समोरच्या दातावर मात्र माणूस बोलला की ऊन पडतं. उपायही सोपा होता. औषध हिरडीच्या खालीच ठेवायचं आणि वरच्या भागाला आतून आधी लेप द्यायचा. पाच मिनिटांचं काम.

मी ते कोणाला सांगितलं नाही. का सांगू? ज्यानं माझी दोन वर्षं उचलून नेली, त्याला पुढचा धोकाही मीच दाखवायचा? मी ठरवलं, त्याला वर चढू दे, हार घालून घेऊ दे, मोठ्यामोठ्यांच्या तोंडात हात घालू दे. मग त्याचं काम आपोआप लोकांच्या ओठांतून दिसेल. जानेवारीतल्या परिषदेसारख्या दिवसाची मी तीन वर्षं वाट बघितली.

लताचं मला ठाऊक असतं तर? जूनमध्ये ठाऊक झालंच होतं. त्या वेळी औषध काढलं असतं तर दात बहुतेक वाचला असता. मी तिला बोलावलं, भाऊ. कारण मात्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू साहेबांकडे धावत गेला असतास आणि तो सावध झाला असता. एका ओळीचा प्रश्न होता. ती ओळ मी लिहायला घेतली आणि कागद फाडला. त्यानंतर दुसरा लिहिला, तो तुला मिळाला.

तुला जे म्हणायचं ते म्हण. पण एक विसरू नकोस. ज्या कोणी माझी वही त्याच्या हातात दिली, तिथून हे सुरू झालं. तो माणूस अजून त्या दवाखान्यात असेल तर लताच्या दाताचा जाब त्यालाही विचार.

लताला पाठव. आतून औषध घालून रंग बराच उतरवता येतो. नाही उतरला तर वर कॅप बसवीन.

कुंदा


धुळे
३ डिसेंबर १९९६

कुंदास,

वही मी दिली.

आठ दिवस हे एक वाक्य लिहायला लागले. जुलै ९३ मध्ये साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "ती बाई मागच्या खोलीत काय लिहिते, मला बघायचंय. एका दिवसासाठी आण." मी म्हटलं, तिलाच विचारा ना. तर म्हणाले, "वना, तू इथे अजून हंगामी आहेस. कायम व्हायचं का नाही?" लता तेव्हा शाळेत होती, हुशार होती, तिला शिरपूरला पुढे शिकवायचं मनात होतं. तू जेवायला गेलीस तेव्हा मी खण उघडला. परत मागितली तर म्हणाले, कसली वही? तुला पेशंटसमोर बोलले तेव्हा मी दाराआड उभा होतो. ट्रे हातात होता. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

तू मला भाऊ म्हणून पत्रं लिहीत गेलीस आणि मी उत्तरं देत गेलो. तुला नावं पुरवली ती याच लाजेपोटी. वाटलं, तेवढं केलं की फिटेल.

मी चोर. तुला जे करायचं ते माझं कर. पण तू जूनमध्ये जे केलंस ते चोरीच्या पलीकडचं शे, कुंदा. मी तुझी वही नेली तेव्हा माझ्या पोरीचं भलं मनात होतं. तू कागद फाडलास तेव्हा तुझ्या मनात कोणाचं भलं होतं?

साहेबांना मी काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही. त्यांना उघडं पाड, माझा विरोध नाही. पण तारीख खरी वाचायची. ऑक्टोबर ९३ म्हणजे ऑक्टोबर ९३. गेल्या महिन्यात कळलं, असं जर तू त्या हॉलमध्ये म्हणालीस, तर मी तुझं पत्र हातात घेऊन मागच्या रांगेतून उभा राहीन. माझी नोकरी गेली तर जाऊ दे.

वना


जळगाव
२१ जानेवारी १९९७

वनाभाऊस,

परवा रविवारी परिषद झाली. मी तीनदा मागे वळून बघितलं. मागच्या रांगेत तू नव्हतास. म्हणून काय झालं ते लिहिते, दुसऱ्याकडून ऐकशील त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

नेव्यांचं भाषण पाऊण तास चाललं. टाळ्या झाल्या. कोणाला प्रश्न आहे का, असं विचारलं, तेव्हा मी उठले. त्यांनी मला ओळखलं आणि हसून माइकवर म्हणाले, "या, कुंदाबाई. आमच्याकडे होत्या पूर्वी." मी दोन बाटल्या नेल्या होत्या. एकीत खिडकीतले सहा दात, दुसरीत कपाटातले सहा. त्या पहिल्या रांगेत दिल्या आणि हातोहात फिरवा म्हटलं.

मग विचारलं, "सर, आपल्या पेस्टनं समोरचे दात राखाडी का होतात?"

म्हणाले, "चहानं होतात."

"ह्या बाटलीतले दात चहा पीत नाहीत."

हॉल हसला. भाऊ, तो हशा मी साडेतीन वर्षं मनात ऐकत होते. अध्यक्षीण बाई पाहुण्या म्हणून व्यासपीठावरच होत्या. त्या उठल्या आणि खाली उतरून निघून गेल्या. मी म्हटलं, "तुम्हाला कारण माहीत नाही, कारण तुमच्या शोधनिबंधात एकतीस केसेस आहेत. माझी पहिली वही एकतिसाव्या केसवर संपते. ही दुसरी वही. बत्तिसाव्यापासून. प्रत्येक पानावर तारीख, आणि तपासणी करणाऱ्या लॅबचा शिक्का."

त्यावर तो सावरला. हुशार आहे. माइक जवळ ओढून म्हणाला, "बाई, दात काळे होतात हे तुम्हाला केव्हा कळलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू तिथे नव्हतास. खोटं बोलले असते तर कोणी पकडणार नव्हतं. पण 'आत्ता कळलं' म्हटलं असतं तर ती दुसरी वही माझी, जुनी, खरी, हेच बुडालं असतं. वही माझी ठरवायला मला ९३च हवं होतं. लताची आठवण झाली म्हणून खरं बोलले, असं तुला वाटायला नको. त्याला बुडवायला दुसरा मार्गच नव्हता म्हणून बोलले.

"ऑक्टोबर त्र्याण्णव," मी म्हटलं.

मग भुसावळचे एक म्हातारे डॉक्टर उठले. म्हणाले, "म्हणजे हा चोर. आणि बाई, तुम्ही तीन वर्षं बघत बसलात?" नेव्यांनी अध्यक्षपद तिथेच सोडलं, मागच्या दारानं गेले. मला वाटलं होतं, माझ्याभोवती गर्दी होईल. बाटल्या परत द्यायलासुद्धा कोणी जवळ आलं नाही. कोणीतरी त्या खुर्चीवर ठेवून गेलं.

काल माझ्या दवाखान्यात एकच पेशंट आला, तोही पत्ता विचारायला.

तो बुडाला आणि मला आनंद झालाय, हे मी लपवत नाही. चार दिवस टिकेल की नाही ते माहीत नाही.

तुझ्या वहीच्या गोष्टीबद्दल: मी तुला क्षमा केलेली नाही. माझ्या कागदाबद्दल तूही करू नकोस. पण लताला पाठव. तिच्या दातात मी हात घातला नाही तर मग मी डॉक्टर कशाला झाले?

कुंदा


शिरपूर
९ फेब्रुवारी १९९७

कुंदाआत्या,

बाबांना आलेलं तुमचं पत्र मी वाचलं. त्याआधीचीही सगळी. परिषदेच्या आदल्या दिवशी बाबा पिशवी भरत होते तेव्हा ती माझ्या हाती लागली. त्यांची स्वतःची उत्तरं काय होती, ते मी त्यांच्याकडून एकेक करून वदवून घेतलं. बाबा तुमच्या हॉलमध्ये आले नाहीत, कारण मी त्यांना जाऊ दिलं नाही. तुमचं भांडण तुम्ही एकमेकांसमोर करा, माझा दात त्यात पुरावा म्हणून न्यायला मी कोणाला परवानगी दिली नव्हती.

वर्षभराच्या पत्रांत माझं नाव बऱ्याचदा आलंय. "लताला पाठव." "लताला मध्ये आणू नकोस." "लताला आशीर्वाद." पण मला कोणी एकदाही पत्र लिहिलं नाही. तुम्ही जूनमध्ये वसतिगृहाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं असतंत, 'दातातलं औषध काढून घे' एवढंच, तर मी साहेबांना सांगितलं नसतं आणि बाबांनाही नाही. मी त्याच दिवशी एस.टी.त बसले असते. तुम्हाला ते सुचलंच नाही. मी म्हणजे तुमच्या दोघांच्या मधला एक दात.

मला राग येतो, आत्या. तुम्हाला साडेतीन वर्षं आला तसाच. चार महिने मी ओठ मिटून हसले, वर्गात शेवटच्या बाकावर बसले, आलेली आमंत्रणं परत केली. मैत्रिणी म्हणायच्या, काही दिसत नाही गं. दिसत होतं.

तुम्ही लिहिता की रंग उतरवून देते. मी धुळ्याच्या दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना विचारून आले. उतरतो म्हणाल्या. उतरवणार आहे, पण तुमच्याकडून नाही आणि आत्ता नाही. आधी त्यांच्याकडून दाताचे फोटो काढून घेतले, तारखेसकट, त्यांच्या सहीचे. तुम्हीच शिकवलंत ना, प्रत्येक पानावर तारीख लागते म्हणून.

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या दंत परिषदेकडे मी तक्रार लिहिली आहे. काल रजिस्टरनं पाठवली. बँकेचे चेअरमन आणि अध्यक्षीण बाई सही करायला तयार होते, पण तक्रार नेव्यांपुरतीच ठेव म्हणाले. मी त्यांच्या सह्या घेतल्या नाहीत. माझ्या वर्गातली ताजबी आणि साक्रीच्या एक शिक्षिका, दोघींचे दात माझ्यासारखेच झालेत, त्यांनी सह्या केल्या.

तक्रारीत नावं आहेत. पहिलं डॉ. लीलाधर नेवे, ज्यांनी कळत नसताना भरलं. दुसरं डॉ. कुंदा महाजन, ज्यांनी कळत असताना भरू दिलं. परिषद डॉक्टरांचीच चौकशी करते, म्हणून तिसरं नाव चालणार नाही, असं तक्रार लिहून देणारे वकील म्हणाले. मी म्हटलं, तरी लिहा. वना हिलाल महाजन, प्रयोगशाळा सहायक, ज्यांनी वही चोरून दिली. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि स्वतःच्या हातानं खाली लिहिलं, 'हे खरं आहे.' मग दवाखान्यात जाऊन राजीनामा देऊन आले. आमच्या घरात तेव्हापासून कोणी कोणाशी फार बोलत नाही.

तुमचं औषध चांगलं आहे. हे मी तक्रारीतही लिहिलंय. माझा फोड त्यानंच बरा झाला आणि पुन्हा आला नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

सुनावणीला तिघांनाही बोलावतील, बाबांना साक्षीदार म्हणून. तिथे काय बोलायचं ते मी पाठ करतेय, कागद न बघता. दहा मिनिटं मागितली आहेत. तुम्ही समोरच्या रांगेत बसा, म्हणजे मी बोलताना तुम्हाला नीट दिसेल.

लता